'हाळ्या' या शब्दाची पहिली नोंद

१७ नोव्हेंबर १९८६, सोमवार. आमच्या लाकडाच्या वखारीच्या रोजंदारीच्या वहीत त्या तारखेची एक ओळ माझ्या अक्षरात आहे : 'भुसा झाडणारी बाई, अर्धा दिवस, रुपये ६ पैसे ७५.' रोजावरच्या माणसाचं नाव लिहायची पद्धत नव्हती. काम लिहायचं, रक्कम लिहायची, अंगठा घ्यायचा. या बाईने मात्र अंगठा द्यायच्या आधी विचारलं, "काय लिहिलंत, भाऊ?" मी वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि मग अंगठा दिला. तेव्हा मला ते वेळखाऊ वाटलं होतं. मी बावीस वर्षांचा होतो, बी. कॉम. होऊन चार महिने झाले होते आणि तिच्यामागे रोजाचे एकोणीस अंगठे उभे होते.

आमच्या शहरात खेड्यातून आलेल्या माणसाला 'हाळ्या' म्हणतात. बसच्या दारात उभं राहून "ही गाडी बाजाराकडे जाते का हो?" असं विचारून कोणी उत्तराची वाट पाहायला लागला, की मागून आवाज येतो, "चढ रे हाळ्या, लोक खोळंबलेत." बाई असेल तर हाळीण. टेबलासमोर अर्ज देऊन तिथेच उभा राहणारा हाळ्या, फोनवर "ऐकू येतंय ना?" असं तीनदा विचारणारा हाळ्या, आणि नवी चप्पल हातात धरून चिखलातून चालणाराही हाळ्याच. ज्यांचे स्वतःचे वडील बोचकं घेऊन या शहरात उतरले, ती माणसंही हा शब्द बिनदिक्कत वापरतात.

शब्द कुठून आला याबद्दल ज्याचं त्याचं मत आहे. कुणी म्हणतं, खेड्यातली माणसं मोठ्याने बोलतात म्हणून. कुणी एका टेकडीचं नाव सांगतं. आमच्या जिन्याखाली राहणाऱ्या निवृत्त गुरुजींनी तर त्याचं मूळ एका फार जुन्या भाषेत शोधून काढलंय आणि ते मला जिन्यात उभं करून अर्धा तास समजावून सांगितलंय. मोठ्या माणसाला काय बोलायचं? मी "असेल, असेल" म्हणून वर गेलो. पण हा शब्द जन्मला तेव्हा मी तिथून पंचवीस पावलांवर चहाचा पेला हातात धरून उभा होतो.

वखारीची रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुढे फाटक, फाटकाला लागून ऑफिस. मध्ये आरा गिरणीची लांबलचक शेड. शेडच्या पुढच्या अंगाला क्रेन, आणि मागच्या अंगाला खोलगट अंगण, जिथे ट्रकवरून आलेले ओंडके उतरवून रचायचे. क्रेनचा लांब हात शेडच्या छपरावरून पलीकडे जायचा. म्हणजे क्रेनवाल्याला ओंडका उचलताना दिसायचा, पण टेकवताना दिसायचा नाही. जिथे माणसं खाली उभी राहून ओंडका सरळ करत, नेमकं तिथेच मध्ये छप्पर आणि भिंत.

म्हणून शिटी होती. मागच्या अंगणातून मुकादम शिटी वाजवायचा. एक शिटी म्हणजे वर, दोन म्हणजे खाली, तीन म्हणजे थांब. ही पद्धत मालकांच्या वडिलांच्या काळापासूनची. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुकादमाने तीन शिट्या दिल्या आणि क्रेनने त्या दोन धरल्या. ओंडका थांबायच्या ऐवजी खाली आला. खाली जो हमाल होता त्याच्या डाव्या पायाची चार बोटं गेली. करवतीच्या आवाजात एक शिटी बुडाली, असं सगळ्यांनी मान्य केलं, आणि मीही दवाखान्याच्या बिलावर तसंच कारण लिहिलं.

भुसा झाडायला आलेली बाई ही त्या हमालाची बायको. नवरा घरी पाय वर करून बसलेला, सात वर्षांची मुलगी शाळेत. मालकांनी दया म्हणून तिला रोजावर ठेवलं. वय तिशीच्या आतलं, पण झाडणाऱ्या बाईला 'मावशी' म्हणायचं ठरलेलंच असतं, त्यामुळे पन्नाशीचा मुकादमही तिला मावशी म्हणे. तिचं गाव डोंगरउतारावरचं. एक घर या उतारावर तर दुसरं समोरच्या, मध्ये खोल दरी. शेजाऱ्याकडे विळा मागायचा तर जाऊन येण्यात अर्धा दिवस. त्यामुळे तिकडे सगळे व्यवहार हाळी देऊन चालत. हाळी म्हणजे लांबवर पोहोचेल अशी मोठ्याने मारलेली हाक. पण नुसतं ओरडणं म्हणजे हाळी नव्हे. तिने मला नंतर एकदा डबा खाताना समजावून सांगितलं होतं.

"आधी माणसाला हाक मारायची, भाऊ. मग थांबायचं. त्याची ओ आली, की एक गोष्ट सांगायची. एकच. परत थांबायचं. परत ओ आली, की समजायचं पोचलं."

"आणि ओ नाही आली तर?"

"तर आपण बोललोच नाही असं धरायचं."

डिसेंबरातल्या एका दुपारी मुकादमाच्या शिटीत भुसा जाऊन बसला. ओंडका हवेत लटकलेला. मुकादम शिटी आपटून बघतोय, फुंकून बघतोय. शेवटी समोर झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशीवर खेकसला, "ए मावशी, बघत काय बसलीस? जा पळत, पायलटला सांग खाली घे म्हणून!"

पायलट म्हणजे आमचा क्रेनवाला. काचेच्या खोलीत उंचावर बसायचा, काळा चष्मा लावायचा, आणि शिडी उतरून जमिनीवर आला की जमिनीवर उपकार केल्यासारखा चालायचा. त्यावरून ते नाव. शेडला वळसा घालून त्याच्यापर्यंत ऐंशी पावलं होती. मावशीने ऐंशी पावलांचा हिशेब केला, झाडू खाली ठेवला, ओंडक्यांच्या राशीवर चढली, कानामागे हात धरला आणि हाळी दिली :

"पायलटदादाऽऽ होऽऽ!"

मी ऑफिसच्या बाहेर चहा पीत होतो. मधे चालू करवत होती, शेड होती, दोन ट्रक घुरघुरत होते. ती हाक या सगळ्याच्या वरून, छपरावरून पाखरू जावं तशी आली. गिरणीतल्या माणसांनी माना वर केल्या. एका ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. ऑफिसची काच लावून आत बसलेले मालकही उठून दाराशी आले. मी पेल्यासकट शेडच्या कोपऱ्यावर गेलो, तिथून रासही दिसायची आणि क्रेनही.

पायलटने काही मान वळवली नाही. आणि मावशी कानामागे हात धरून तशीच उभी राहिली.

"सांग ना पुढे!" मुकादम ओरडला.

"अजून ओ दिली नाही त्यांनी."

"ओ कशाला पाहिजे तुला?"

"मग ऐकलं कशावरून?"

आता हसू सुटलं. कुणीतरी राशीखाली तिच्यासारखाच कानामागे हात धरून, तोंड उघडं टाकून उभा राहिला. दुसऱ्याने "ओऽऽ" दिली. तिने त्याच्याकडे पाहून सांगितलं, "तुमची नको, त्यांची पाहिजे." यावर तर लोक भुशात बसून हसले. अकरा मिनिटं ओंडका हवेत होता, मी घड्याळ पाहिलंय. शेवटी खालची माणसं कशाला हसताहेत हे बघायला पायलटने काच सरकवून डोकं बाहेर काढलं. "काय तमाशा लावलाय?"

"ओ म्हणा!" मावशी राशीवरून म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या वखारीत कोणी काही विचारून थांबला की लोक म्हणत, "झाला हाळ्या." पहिल्यांदा हाळीवाली, मग हाळीवाला, मग झिजून हाळ्या. आमचे बरेचसे हमाल त्याच डोंगराकडचे, तेव्हा आठवड्याभरात ते सगळेच हाळ्या झाले. ट्रकवाल्यांनी शब्द बाजारात नेला, बाजारातून तो बस-आगारात गेला आणि दीड-दोन महिन्यांत मावशीची मुलगी शाळेतून विचारत आली, "आई, हाळ्या म्हणजे काय? मला म्हणतात." एवढा वेग मी पुढे कुठल्याही मालाचा पाहिला नाही.

जानेवारीत विम्याच्या माणसाने येऊन ऑक्टोबरातल्या अपघाताचे कागद पाहिले आणि लिहून दिलं : इशारा देण्यासाठी एक स्वतंत्र, कायम माणूस नेमा, नाहीतर पुढच्या वर्षी विमा विसरा. मुकादमाकडे माणूस तयारच होता, त्याचा मेहुणा. नव्या पितळी शिटीसह. पण मालकांच्या कानात ती डिसेंबरातली हाक बसली होती. त्यांनी मला बोलावलं. "ती बाई रोज किती घेते?" मी सांगितलं. "आणि कायम माणसाला किती पडेल?" तेही सांगितलं. मग ते थोडा वेळ पेन टेबलावर वाजवत बसले आणि म्हणाले, "एक आठवडा शिटी, एक आठवडा हाळी. ओंडके तू मोज. शनिवारी आकडे बघून ठरवू."

मावशीसाठी ही जागा म्हणजे काय होतं, हे सांगायला हवं. रोजावरचं काम म्हणजे ट्रक आले तर पोट भरलं. कायम म्हणजे महिन्याचा पगार, आजारपणाची रजा, आणि मुख्य म्हणजे वखारीमागच्या चाळीत एक खोली. तिचा नवरा आता ओझं उचलू शकणार नव्हता. खोली मिळाली नाही तर घरभाडं परवडत नाही म्हणून मार्चअखेर गावाकडे परतायचं आणि मुलीचं नाव शाळेतून काढायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. हे मला तिनेच सांगितलं, रडत नाही, भाव सांगावा तसं.

२ ते ७ फेब्रुवारी शिटीचा आठवडा झाला. मेहुण्याने सहा दिवसांत दोनशे छत्तीस ओंडके उतरवले. एका ट्रकची फळी फुटली. गुरुवारी एक ओंडका एका हमालाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबला, तो शिटीने थांबला की नशिबाने, हे कळायला मार्ग नव्हता. मुकादमाने ते मला मोजायला सांगितलं नाही.

सोमवारी, ९ तारखेला, मावशी राशीवर चढली. हाळी दिली, थांबली. पायलटने ओ दिली नाही. दुसरी हाळी, तीच गत. तेव्हा ती राशीवरून उतरली, ऐंशी पावलं वळसा घालून क्रेनच्या पुढे गेली, तोंडासमोर उभी राहून "खाली" म्हणाली, त्याने "हं" केल्यावर ऐंशी पावलं परत आली आणि हमालांना म्हणाली, "आता येतोय, सरका." दिवसभर हेच. संध्याकाळी माझ्या वहीत आकडा पडला एकोणीस.

"अहो पायलट, ओ द्या की बाईला," मी त्याला जेवणाच्या सुट्टीत म्हणालो.

"मी? हाळ्याला ओ देऊ? मी काय त्यांच्या डोंगरावर राहतो?" असं म्हणून त्याने चष्मा पुसला.

मंगळवारी सतरा. बुधवारी सकाळी मुकादम स्वतःहून तिच्याकडे गेला. माणूस वाईट नव्हता, मेहुण्याला नोकरी लागावी असं वाटणं हा काही गुन्हा नाही. तो म्हणाला, "मावशी, तुझा आवाज साऱ्या शहराला ऐकू जातो. त्याला जात नसेल होय? दे ठोकून 'खाली' म्हणून आणि हो मोकळी. ओ गेली उडत. अशी चालत राहिलीस तर नोकरी जाईल हातची."

"अन् त्याने 'वर' ऐकलं असलं तर?"

"नाही ऐकत!"

"ऑक्टोबरात तुम्ही असंच म्हटलं असेल," मावशी म्हणाली. मुकादम निघून गेला. तिने पुन्हा हाळी दिली, पुन्हा थांबली, पुन्हा उतरली. फेऱ्यांची सवय होऊन त्या दिवशी बावीस झाले. डोंगराकडचे हमालही आता तिच्यावर चिडले होते. "आपलं हसं करून ठेवलंय हिने," असं एक जण माझ्यासमोर बोलला.

त्याच बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी पायलटची सही घ्यायला क्रेनच्या शिडीशी गेलो. करवत बंद होती. मावशी माझ्या आधी वर चढलेली. मी शिडीच्या पाचव्या पायरीवर थांबलो, कारण वर दोघांना पुरेल एवढीच जागा होती. पायलट पाठमोरा डबा खात होता. ती त्याच्या उजव्या खांद्यामागे उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दादा, तुमच्या शर्टाला भाजी लागलीय."

तो खात राहिला. भाजी खरंच लागली होती.

ती दोन पावलं सरकून डाव्या बाजूला गेली आणि तेच वाक्य तेवढ्याच आवाजात म्हणाली. तो दचकून वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि त्याचा चेहरा उतरला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

डबा बाजूला ठेवून तो म्हणाला, "तीन वर्षं. उजवा तर गेलाच. डाव्याला बारीक आवाज लागत नाही. शिटी तर नाहीच. दोरीच्या ताणावरून अंदाजाने घेतो." मग हळूच, "मालकांना सांगणार?"

मी सहीचा कागद खिशात घातला. ऑक्टोबरातल्या त्या शिट्या करवतीत बुडाल्याच नव्हत्या. हे मला समजलं, तसं तिलाही समजलं असणारच. तिच्या नवऱ्याची चार बोटं होती ती. ती काही वेळ काचेतून बाहेर, मागच्या अंगणाच्या दिशेला पाहत राहिली. तिथून भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं.

"माझ्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते राहू द्या," ती म्हणाली. "ते बोलायला बसले तर तुमची सुट्टी पुरायची नाही. आता ऐका. आमच्या समोरच्या उतारावर एक म्हातारा होता, दोन्ही कानांनी अधू. त्याच्याशीसुद्धा आम्ही सगळे व्यवहार केले. ओ कशासाठी असते? ऐकू आलं तर द्यायची. नाही आलं तर द्यायची नाही. मी परत हाळी देईन. माझा घसा काय भाड्याने आणलाय?"

"लोक म्हणतील, पायलटला दोन-दोनदा ओरडून सांगावं लागतं."

"लोक म्हणतील, हाळ्या आहे, ओरडते. तेवढं तर म्हणतातच. पण एक सांगते. न ऐकता ओ दिलीत, तर मी शिडी चढून वर येईन, आणि मग भाजीचं बोलणार नाही."

पायलट हसला नाही. त्याने मान हलवली. ती म्हणाली, "मान नको." तेव्हा तो हळूच म्हणाला, "ओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जागा बदलली. रास सोडून ती पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर उभी राहिली. तिथून मागचं अंगणही दिसायचं आणि क्रेनची डावी बाजूही लागायची. हाळीही बदलली. आधीची बारीक, लांबवलेली होती. आता पोटातून काढलेली, जाड, तुटक. त्या म्हाताऱ्यासाठी अशीच देत, म्हणे. "पायलट!" आणि वरून, पहिल्यांदाच, सगळ्या वखारीला ऐकू जाईल अशी "ओ!" "खाली!" "ओ, खाली!" शब्द परत उच्चारायचं पायलटच्याच डोक्यातून निघालं. गिरणीतल्या माणसांनी पुन्हा माना वर केल्या, पण या वेळी कोणी हसलं नाही. काम एवढ्या सफाईने चाललं होतं की हसायला फट नव्हती. गुरुवारी चव्वेचाळीस, शुक्रवारी सत्तेचाळीस, शनिवारी एक्कावन्न.

सोमवारी, १६ फेब्रुवारीला, मालकांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मी बेरजा वाचल्या. शिटी दोनशे छत्तीस, हाळी दोनशे.

"छत्तीस कमी," मालक म्हणाले.

"पहिले तीन दिवस मालक, बाई नुसती चालत होती," मुकादम म्हणाला. "अशी तऱ्हा पुन्हा कधी करेल सांगता येत नाही. हाळ्या तो हाळ्या."

मालकांनी मावशीकडे पाहिलं. "का गं बाई? शेवटचे तीन दिवस जमलं, मग पहिले तीन का नाही?"

मावशी जमिनीकडे पाहत म्हणाली, "नवी होते मालक."

एवढंच. मला तिच्या त्या तीन शब्दांची किंमत माहीत होती : खोली, शाळा, मुलीचं नाव. मी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. बोलावं की नाही हे माझं ठरत नव्हतं, आणि सरळ सांगायचं तर मी बोललो नसतो. मालकांनी पेन उचललं. मेहुण्याने खिशातली शिटी चाचपली.

"मालक," दाराशी उभा असलेला पायलट म्हणाला, "त्या तीन दिवसांची चूक तिची नाही, माझी आहे." त्याने काळा चष्मा काढून हातात घेतला. "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. शिटी तर कुठल्याच कानाने नाही. ऑक्टोबरातही आली नव्हती. हिची हाळी डाव्या बाजूने येते. तेवढी येते."

मुकादम मेहुण्याकडे पाहत होता, मेहुणा शिटीकडे. मालकांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. ते पायलटला काय बोलले ते मी इथे लिहीत नाही, ते त्याला लागू होतं. बोलून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मावशीला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"बुधवारपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? तुझ्याच नवऱ्याचा पाय गेला बाई!"

"गेला तो गेला, मालक. माणूस काढून तुम्ही दुसरा बसवाल. त्यालाही भिंतीपलीकडचं दिसायचं नाहीच. ओ देणारा पाहिजे. हा आता देतो."

मालकांनी शहरातल्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता एका कागदावर लिहून पायलटच्या अंगावर भिरकावला आणि त्याला सांगितलं, यंत्र बसवून आणेपर्यंत क्रेनला हात लावायचा नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिचं नेमणूकपत्र कर. आजच्या तारखेचं."

मी कागद लावला आणि अडलो. "मालक, हुद्दा काय लिहू?"

"हाळ्याच लिहा की," मुकादम पुटपुटला. आवाजात कडवटपणा होता, पण जोर नव्हता.

मावशीने पहिल्यांदा मान वर केली. "लिहा. आजवर फुकट म्हणत होता, आता पगार देऊन म्हणा."

मालक हसले. मुकादमही हसला, त्याला हसावंच लागलं. कायम कामगारांच्या नोंदवहीत त्या दिवशी तिचं पूर्ण नाव लिहिलं गेलं आणि पुढच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात : 'हाळ्या.' हा शब्द कुठेही लिहिला गेल्याची याआधीची नोंद कोणाकडे असेल तर मी ती पाहायला तयार आहे. जिन्याखालच्या गुरुजींना यातलं काही सांगितलेलं नाही, त्यांचा हिरमोड होईल.

तिने अठ्ठावीस वर्षं हाळी दिली. त्या काळात आमच्या मागच्या अंगणात एकाही माणसाचं बोटसुद्धा चेमटलं नाही. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, विम्याचे कागद माझ्याकडे आहेत. शेजारच्या दगडखाणीचे लोक येऊन बघून गेले, मग बंदरावरचे. 'ओ आल्याशिवाय खाली नाही' हा नियम आता कितीतरी ठिकाणी भिंतीवर रंगवलेला आहे, आणि अशा जागांवर माणूस घेताना मुकादम विचारतात, "डोंगराकडचा आहे ना? हाळ्या पाहिजे बाबा, शहरातला नको, तो न ऐकताच हो म्हणतो." बसमध्ये मात्र हा शब्द अजून शिवीसारखाच फेकला जातो. तो ऐकला की मी मान ताठ करून बसतो. माझा जन्म याच शहरातला, डोंगराशी माझा काही संबंध नाही, तरी बसतो.

नेमणूकपत्राच्या दुसऱ्या दिवशी ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. बाजारातल्या फोटोच्या दुकानात मी तिला घेऊन गेलो. नवरा काठी टेकत आला, मुलगीही शाळा बुडवून आली. फोटोवाल्याने तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "हनुवटी वर." तिने हनुवटी वर केली आणि "ओ" म्हणाली. मुलगी खुदकन हसली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने विचारलं, "आई, शाळेत परत हाळ्या म्हणाले तर काय सांगू?"

"सांग, आईचा हुद्दा आहे."

फोटोवाल्याने ओळखपत्राच्या दोन प्रती आणि तिघांचा एक मोठा फोटो काढला. एकूण अठरा रुपये झाले. माझ्याकडे पंधरा होते, ते दिले. उरलेले पैसे फोटो न्यायला येताना देतो म्हणालो. फोटो न्यायला नवरा गेला, त्याला पैसे बाकी असल्याचं माहीत नव्हतं आणि दुकानदाराने मागितलं नाही. पुढे दुकान बंद झालं, फोटोवाला कुठे गेला ते कळलं नाही. त्याचे तीन रुपये मी अजून देणं लागतो.